साहित्याच्या प्रमाणपत्राचे प्रामाण्य

१

'प्रमाणपत्र' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यातील 'प्रमाण' या घटकाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भारतीय दर्शनांत प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. तेव्हा ज्या कागदाला प्रमाणपत्र म्हटले जाते तो कागद ज्ञानविषयक एक दावा करीत असतो. अमुक व्यक्तीच्या ठायी अमुक गोष्ट आहे, असे तो त्या व्यक्तीला कधीही न भेटलेल्या तिऱ्हाइताला सांगतो आणि त्याने यावर विश्वास ठेवून पुढचा व्यवहार करावा अशी अपेक्षा धरतो. या अर्थी प्रमाणपत्र देणे हे एक वचन असते, आणि वचन म्हटले की ते पाळता येण्याजोगे आहे काय, हा नैतिक प्रश्न त्याच्याबरोबर येतोच. वीजतंत्रज्ञाच्या किंवा परिचारिकेच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही. तार नीट जोडली गेली की नाही हे दिवा लावून पाहता येते. साहित्याच्या बाबतीत मात्र हा दिवा कोणता, हेच निश्चित नसते.

अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत पदवी आणि एम.ए. यांच्या मधल्या जागेत 'ग्रॅज्युएट सर्टिफिकेट' नावाचा एक अभ्यासक्रम स्थिरावला आहे. पदव्युत्तर प्रमाणपत्र असे त्याला म्हणता येईल. इंग्रजी साहित्य आणि लेखन या विषयातील असे प्रमाणपत्र साधारणतः चार ते सहा अभ्यासपत्रिकांचे, म्हणजे बारा ते अठरा श्रेयांकांचे असते. एखाद्या कालखंडाचे साहित्य, साहित्यसिद्धान्त, लेखनाच्या अध्यापनाची मीमांसा, ललित किंवा वैचारिक गद्याची कार्यशाळा, अशी त्याची घडण असते. स्वतंत्र प्रबंध बहुधा नसतो. नोकरी सांभाळून एकदोन वर्षांत ते पूर्ण करता येते. हा अभ्यासक्रम आटोपशीर आहे एवढ्यावरून त्याची उपेक्षा करण्याचे कारण नाही. उलट त्याच्या आटोपशीरपणामुळेच, मोठ्या पदव्यांच्या पसाऱ्यात झाकून राहणारा एक प्रश्न त्याच्या संदर्भात उघडा पडतो. साहित्य वाचण्याची आणि लिहिण्याची योग्यता ही कोणी कोणाला प्रमाणित करून द्यावी अशी गोष्ट आहे काय? असल्यास त्या प्रमाणात नेमके काय सांगितले जाते, आणि त्यावर विसंबणाऱ्या तिऱ्हाइताचे त्यात काय पणाला लागलेले असते?

२

हा प्रश्न नवा नाही. इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय ज्या मार्गाने विद्यापीठांत आला त्या मार्गावर तो पहिल्यापासून उभा आहे. आपल्या भाषेतील साहित्य इंग्लंडमध्ये लोक घरी, क्लबात, फार तर व्याख्यानगृहात वाचत असत. त्याची रीतसर परीक्षा घेण्याची गरज प्रथम वसाहतीत आणि वसाहतीच्या कारभारासाठी भासली. गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ काँक्वेस्ट' (१९८९) या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे इंग्रजी साहित्य हे अभ्यासक्रम म्हणून मायदेशापेक्षा आधी हिंदुस्थानात रुजले. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणाने त्याला सरकारी आश्रय मिळाला. १८५५ पासून हिंदुस्थानातील मुलकी सेवेसाठी लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हा इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास यांना मिळून ग्रीक किंवा लॅटिन यांपैकी कोणत्याही एका भाषेपेक्षा अधिक गुण ठेवण्यात आले होते. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे निघाली तीही परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी मंडळे म्हणूनच. शेक्सपिअर वाचल्याचा दाखला हा अशा रीतीने कारभारात शिरण्याचा परवाना झाला. त्या दाखल्याने अर्जदाराच्या रसिकतेविषयी काही सिद्ध होत होते की नाही, याची चौकशी करण्याची कोणाला निकड नव्हती.

ती चौकशी ऑक्सफर्डमध्ये झाली, आणि तीही विषयाच्या विरोधकाकडून. इंग्रजी साहित्याचे स्वतंत्र पीठ स्थापावे अशी मागणी १८८७ च्या सुमारास पुढे आली, तेव्हा इतिहासाचे प्राध्यापक एडवर्ड फ्रीमन यांनी तिला कसून विरोध केला. अभिरुचीची परीक्षा घेता येत नाही. परीक्षा घ्यायची तर विषयात काही टणक असले पाहिजे, आणि हा टणकपणा भाषाशास्त्राने येतो, असे त्यांचे म्हणणे होते. १८९४ मध्ये हे पीठ स्थापन झाले खरे, पण फ्रीमन यांच्या आक्षेपाची भरपाई म्हणून त्यात प्राचीन इंग्रजीचा आणि शब्दव्युत्पत्तीचा भरणा करण्यात आला. म्हणजे साहित्याची परीक्षा होऊ शकते हे सिद्ध करण्यासाठी साहित्याखेरीज दुसऱ्याच कशाची तरी परीक्षा घेण्यात आली. ही युक्ती त्यानंतर वेगवेगळ्या रूपांत पुनःपुन्हा वापरली गेली आहे. कधी कालक्रम, कधी छंदशास्त्र, कधी सिद्धान्तांची नावे आणि त्यांचे प्रणेते. जे मोजता येते ते परीक्षेत येते, आणि जे परीक्षेत येते तोच विषय, असा समज हळूहळू दृढ होतो.

या समजाला खरा धक्का दिला तो केंब्रिजमधील आय. ए. रिचर्ड्स यांनी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले. यांतील बरेच विद्यार्थी इंग्रजी हाच विषय घेऊन पदवीच्या तयारीत असलेले होते. १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात हे अभिप्राय प्रसिद्ध झाले, तेव्हा असे आढळले की नावाचा आधार काढून घेताच सुशिक्षित वाचकही साध्या अर्थाशी अडखळतो, ठरावीक भावनांच्या आहारी जातो आणि प्रतिष्ठित कवीला झिडकारून सामान्य कवीला उचलून धरतो. रिचर्ड्स यांच्या प्रयोगाचा रूढ निष्कर्ष असा सांगितला जातो की वाचन शिकवावे लागते. तो खरा आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट अनुस्यूत आहे. हे दोष कळले ते वाचकांनी आपले वाचन लिहून दिले म्हणून. मनातल्या मनात केलेल्या वाचनात ते कधीच दिसले नसते.

३

येथे लेखनाचा संबंध येतो, आणि 'साहित्य आणि लेखन' या जोडनावातील 'आणि' या अव्ययाचा विचार करणे भाग पडते. व्यवहारात ही जोडी बरोबरीची कधीच नव्हती. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध ठेवला. निबंधाचा विषय मान्यवर लेखकांच्या नेमलेल्या कृतींतून काढलेला असे. निकाल निराशाजनक लागला, आणि त्या निराशेतून पुढे प्रथम वर्षाचा सक्तीचा लेखनाचा अभ्यासक्रम निघाला. ॲडम्स शर्मन हिल यांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये तो पहिल्या वर्षात आला आणि तेथून अमेरिकाभर पसरला. अर्थात त्याचा जन्म उणिवेतून झाला होता. साहित्याचे अध्यापन हे प्राध्यापकाचे मानाचे काम आणि निबंध तपासणे हे तरुण, अर्धवेळ, कराराने नेमलेल्या शिक्षकांचे कष्टाचे काम, अशी श्रमविभागणी यातून रूढ झाली. १९८६ मध्ये वायोमिंग येथील परिषदेत अशा शिक्षकांच्या वेतन आणि सेवाशर्तींविषयी ठराव करावा लागला, यावरून ही विभागणी किती खोलवर गेली होती हे ध्यानात येते. रॉबर्ट स्कोल्स यांनी 'टेक्स्च्युअल पॉवर' (१९८५) मध्ये तिचे तात्त्विक रूप उघड केले. इंग्रजी विभाग संहितेच्या उपभोगाला वरची आणि संहितेच्या निर्मितीला खालची पायरी देतो, आणि विद्यार्थी जे लिहितो त्याला तर खरी निर्मिती मानायलाच तयार नसतो, असे त्यांचे निदान होते.

१९९३ मध्ये 'कॉलेज इंग्लिश' या नियतकालिकात एरिका लिंडमन आणि गॅरी टेट यांचा जो वाद झाला, तो या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. प्रथम वर्षाच्या लेखनवर्गात साहित्याला स्थान नाही, असे लिंडमन यांचे प्रतिपादन होते. विद्यार्थी उद्या जीवशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र शिकणार. त्याला त्या त्या ज्ञानशाखेच्या लेखनव्यवहाराची ओळख करून देणे हे या वर्गाचे काम, कवितेचे रसग्रहण हे नव्हे. टेट यांचे उत्तर असे की विद्यार्थ्याचे आयुष्य ज्ञानशाखांत संपत नाही. विद्यापीठाबाहेरही तो माणूस म्हणून बोलणार आणि लिहिणार आहे, आणि त्या लेखनासाठी साहित्यासारखा दुसरा सोबती नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र लेखन हे वाचनाचे काय करते, हा प्रश्न दोघांनीही बाजूला ठेवला असे म्हणावे लागते. लिंडमन यांना लेखन हे प्रवेशाचे साधन वाटते, तर टेट यांना साहित्य हे लेखनाचे पोषण वाटते. वाचन प्रमाण आहे की नाही हे लेखनाखेरीज ठरवता येईल काय, हा मुद्दा तसाच राहतो.

४

या मुद्द्याकडे वळण्याआधी संस्कृत साहित्यशास्त्रातील एका भेदाची आठवण उपयुक्त ठरेल. दहाव्या शतकाच्या आरंभीचा राजशेखर, ज्याच्या घराण्याचे नाते महाराष्ट्राशी सांगितले जाते, त्याने 'काव्यमीमांसे'त प्रतिभेचे दोन प्रकार मानले आहेत. कवीला उपकारक ती कारयित्री आणि भावकाला, म्हणजे रसिक समीक्षकाला, उपकारक ती भावयित्री. दोन्ही एकाच ठायी नांदतात की नाही याविषयी त्याने मतभेद नोंदविले आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भावकांचे चार प्रकार त्याने सांगितले आहेत: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, गवतासकट सगळेच गिळणारा तो सतृणाभ्यवहारी, दुसऱ्याचे चांगले पाहवत नाही तो मत्सरी, आणि काव्याचे तत्त्व शोधून त्यावर स्थिर राहणारा तो तत्त्वाभिनिवेशी. हा शेवटचा विरळा.

आता या चार भावकांना आजच्या एखाद्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात बसविले तर काय होईल? अरोचकी उत्तीर्ण होईल. प्रत्येक कृतीत दोष काढण्याची परिभाषा आता वर्गातच मिळते. मत्सरीही उत्तीर्ण होईल. सतृणाभ्यवहारी तर बहुधा पहिल्या वर्गात येईल, कारण नेमलेले सगळे वाचणे आणि वाचलेले सगळे उद्धृत करणे यांना गुण असतात. तत्त्वाभिनिवेशी उत्तीर्ण होईल की नाही हे परीक्षकावर अवलंबून राहील. याचा अर्थ असा की व्यक्ती कोणत्या प्रकारची भावक आहे, हे प्रमाणपत्र सांगू शकत नाही, आणि तसे सांगण्याचा आव त्याने आणला तर ते वचन खोटे ठरते. परीक्षेची कल्पना राजशेखराला परकी नव्हती. उज्जयिनीत काव्यकारांची आणि पाटलीपुत्रात शास्त्रकारांची परीक्षा होत असल्याची परंपरा त्याने नोंदविली आहे. राजाने सभा भरवून काव्याची परीक्षा करावी असेही तो म्हणतो. पण त्या सभेत कृती सर्वांसमोर मांडली जात असे आणि जाणत्यांच्या आक्षेपांना तेथेच तोंड द्यावे लागत असे. परीक्षेचा हा सभारूप अंश महत्त्वाचा आहे.

५

प्रामाण्याचा विचार दर्शनांत दोन बाजूंनी झाला आहे. नैयायिक परतःप्रामाण्यवादी आहेत. ज्ञान यथार्थ आहे की नाही हे बाहेरच्या कसोटीने, त्या ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल होते की नाही यावरून ठरते. पाणी दिसले, जवळ गेल्यावर तहान भागली तर ते ज्ञान प्रमाण. मीमांसक स्वतःप्रामाण्यवादी आहेत. ज्ञान उपजते तेव्हाच ते प्रमाण असते. बाहेरून येते ते अप्रामाण्य, म्हणजे त्या ज्ञानाला बाधणारे दुसरे ज्ञान, किंवा ज्ञानाच्या कारणांत दोष असल्याचा प्रत्यय. असा बाधक जोवर पुढे येत नाही तोवर ज्ञान टिकून राहते.

साहित्याच्या प्रमाणपत्राविषयी ज्या दोन टोकाच्या भूमिका घेतल्या जातात त्यांचे मूळ या दोन वादांच्या अर्धवट आकलनात आहे असे दिसते. रसास्वाद हा स्वयंसिद्ध आहे, त्याला कागद लागत नाही, असे रोमँटिक वृत्तीचा वाचक म्हणतो. तो मीमांसकाचे अर्धे म्हणणेच घेतो आणि बाधकाची वाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी विसरतो. दुसरीकडे विद्यापीठ नैयायिकासारखे बोलते, पण नैयायिकाची कसोटी मात्र वापरत नाही. वाचनाची सफल प्रवृत्ती कोणती, हे ते सांगत नाही. अठरा श्रेयांक पूर्ण झाले हेच साफल्य मानते. तहान भागली की नाही हे न पाहता विहिरीपर्यंतची पावले मोजण्याचा हा प्रकार आहे.

मीमांसकांची भूमिका तिच्या उत्तरार्धासह घेतली तर साहित्याच्या अभ्यासाचे वेगळे चित्र उभे राहते. एखाद्या कवितेचे वाचकाला झालेले आकलन हे त्याच्यापुरते प्रमाणच असते. कोणत्याही शिक्षकाला ते आरंभीच फेटाळण्याचा अधिकार नाही. पण बाधक पुढे येण्याची शक्यताच जेथे नाही, तेथे टिकून राहिलेल्या आकलनाचे मोल शून्य आहे. बंद खोलीतील दिवा विझला नाही यात वाऱ्याविषयी काही सिद्ध होत नाही. वर्ग ही बाधकाची जागा आहे. दुसरा विद्यार्थी त्याच ओळीकडे बोट दाखवून वेगळे म्हणतो, शिक्षक सुटलेला शब्द दाखवून देतो, जुना टीकाकार दोन शतकांपलीकडून हरकत घेतो. हे सगळे घडू शकते ते वाचन लेखनात स्थिर झाल्यावरच. बोललेले मत हरकत येताच रंग बदलते आणि आपण तसे म्हणालोच नव्हतो असे म्हणू शकते. लिहिलेले मत जागचे हलत नाही. त्याला उत्तर द्यावे लागते किंवा ते मागे घ्यावे लागते. लेखन हे अशा रीतीने वाचनाला उत्तरदायी करते. साहित्य आणि लेखन यांच्या जोडीचे खरे समर्थन येथे आहे. अभ्यासक्रम आखणाऱ्यांची सोय किंवा रोजगाराच्या बाजारातील मागणी ही त्याची कारणे असतील. समर्थन ती नव्हेत.

६

या तात्त्विक विवेचनाची कसोटी एका प्रत्यक्ष प्रकरणावर लावता येते. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांना शाळेतच महाविद्यालयीन श्रेयांक देणारी एक पद्धत आहे. शाळेतील अनुभवी इंग्रजी शिक्षक प्रथम वर्षाचा लेखनाचा किंवा साहित्याचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम शिकवितात आणि दोन्हीकडे त्याची नोंद होते. मध्य अमेरिकेतील अनेक राज्यांच्या महाविद्यालयांना अधिस्वीकृती देणाऱ्या हायर लर्निंग कमिशन या संस्थेने २०१५ मध्ये शिक्षकांच्या पात्रतेचा निकष स्पष्ट केला: अध्यापकाकडे त्या विषयातील पदव्युत्तर पदवी असावी, पदव्युत्तर पदवी अन्य विषयातील असल्यास अध्यापनविषयात किमान अठरा पदव्युत्तर श्रेयांक असावेत. निकषाची अंमलबजावणी २०१७ पासून ठरली, शालेय शिक्षकांसाठी मुदतवाढीची सोय झाली, आणि पुढे आयोगाने आपली भूमिका अधिक लवचीक केली. पण मधल्या काळात शिक्षणशास्त्रात एम.एड. झालेले, वर्षानुवर्षे इंग्रजी शिकविलेले शिक्षक एकाएकी अपात्रतेच्या रेषेपाशी येऊन ठेपले, आणि अठरा श्रेयांकांच्या प्रमाणपत्रांना मोठे निमित्त मिळाले.

येथे न्यायाचे दोन दावे समोरासमोर उभे राहतात. एक दावा शिक्षकाचा. वीस वर्षे ज्याने मुलांचे निबंध वाचले त्याच्या वाचनाला शून्य किंमत कशी देता येईल? दुसरा विद्यार्थ्याचा. आपण जे लिहितो ते वाचणारा माणूस स्वतः कधी कोणाच्या आक्षेपाला उतरला आहे, याची खात्री मागण्याचा त्याला हक्क नाही काय? पहिला दावा भावनिक आणि दुसरा तांत्रिक असे मानण्याकडे प्रशासनाचा कल असतो. दोन्ही दावे ज्ञानविषयक आहेत. शिक्षकाच्या बाजूने योग्यानुपलब्धीचा नियम बोलतो. एखादी वस्तू दिसत नाही यावरून ती नाही असे म्हणता येते, पण ती असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल तरच. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे ठरत नाही. ज्याच्याकडे शिकवणीच्या शुल्काचे पैसे नव्हते, संध्याकाळचा वेळ नव्हता, जवळपास विद्यापीठ नव्हते, त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही यावरून त्याच्याकडे योग्यता नाही, हे अनुमान अंधारातील घटासारखे आहे. विद्यार्थ्याच्या बाजूने बाधकाचा नियम बोलतो. वीस वर्षांचे अध्यापन ही वीस वर्षांची परीक्षा असेलच असे नाही. वर्गात शिक्षकाला हरकत घेणारा कोणी नसतो, आणि हरकतीविना घालवलेली वर्षे सवयीला ज्ञानाचे रूप देतात.

विद्यार्थ्याचा दावा किती गंभीर आहे हे मीना शॉनेसी यांच्या कार्यावरून समजते. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९७० मध्ये प्रवेशाची दारे सर्वांना खुली केली, तेव्हा ज्यांच्या घरी पुस्तके नव्हती अशी मुले आली आणि त्यांचे इंग्रजी पाहून अनेक अध्यापक हतबुद्ध झाले. शॉनेसी यांनी अशा सुमारे चार हजार निबंधांचा अभ्यास करून १९७७ मध्ये 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स' हा ग्रंथ लिहिला. या मुलांच्या चुकांना एक तर्क असतो. त्या अज्ञानाचा ढीग नसून नियम शोधण्याच्या धडपडीचे अवशेष असतात, असे त्यांनी दाखवून दिले. असे वाचन करण्यासाठी जी दृष्टी लागते ती कवितेचे बारकाईने वाचन करणाऱ्याची दृष्टी आहे, फक्त तिचा विषय प्रतिष्ठित कवी नसून प्रथम वर्षाचा विद्यार्थी आहे. साहित्य शिकलेल्या माणसाच्या हाती लेखनाचा वर्ग द्यावा याला काही नैतिक कारण असेल तर ते हेच. पण मग प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमात तेच शिकवले आणि तपासले गेले पाहिजे.

७

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. भारतात महाविद्यालयीन अध्यापनाच्या पात्रतेचा एक प्रमुख मार्ग नेट आणि राज्यपातळीवर सेट या परीक्षांतून जातो. जून २०१२ पासून नेटचे स्वरूप संपूर्णपणे वस्तुनिष्ठ, म्हणजे पर्यायी उत्तरांचे झाले. तोपर्यंत तिसरी प्रश्नपत्रिका सविस्तर लेखी उत्तरांची असे. साहित्य शिकविण्यास पात्र असल्याचा दाखला त्यामुळे साहित्याविषयी एकही वाक्य न लिहिता मिळू लागला. मोठ्या संख्येने परीक्षार्थी, तपासणीतील पक्षपाताची भीती, निकालातील विलंब, ही या बदलामागची कारणे समजण्यासारखी आहेत आणि पक्षपातविरहित परीक्षा हे छोटे मूल्य नव्हे. तथापि येथे फ्रीमन यांचीच युक्ती टोकाला गेलेली दिसते. अभिप्रायाची परीक्षा घेता येत नाही म्हणून अभिप्रायच वगळला जातो. योग्य पर्यायावर खूण करणाऱ्याला आपल्या वाचनाचे उत्तर द्यावे लागत नाही. कोणीतरी आधीच केलेल्या वाचनाची ओळख पटवावी लागते. अमेरिकन प्रमाणपत्रात कितीही उणिवा असल्या तरी त्यात उमेदवाराला लिहावे लागते. या एका गोष्टीपुरते ते अधिक प्रामाणिक ठरते.

मात्र या प्रामाणिकपणालाही अलीकडे एका नव्या शंकेने घेरले आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांच्या हाती आल्यापासून सुघड, मुद्देसूद, सर्वमान्य निबंध कोणालाही काही क्षणांत मिळू शकतो. लेखन हा वाचनाचा पुरावा मानणाऱ्या साऱ्या परीक्षापद्धती त्यामुळे अडचणीत आल्या आहेत. यातून लेखनाचे महत्त्व संपले असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. वरील विवेचनाच्या प्रकाशात इतकेच स्पष्ट होते की निबंध हा वस्तुरूपाने कधीच पुरावा नव्हता. निबंधापाशी उभे राहून हरकतीला उत्तर देणारा माणूस हा पुरावा होता. दुसऱ्याकडून लिहून आणलेल्या निबंधाचे समर्थन पहिल्या दोन प्रश्नांपुढे टिकत नाही, मग तो निबंध कोणी का लिहिलेला असेना. खर्डे, त्यांवरील चर्चा, तोंडी उत्तरे, मत बदलल्याची लेखी नोंद, यांना आता केंद्रस्थान मिळाले तर राजशेखराने वर्णिलेली सभा काहीशी परत आल्यासारखे होईल. त्याला वेळ आणि माणसे लागतात, आणि शंभर विद्यार्थ्यांमागे एक कराराचा शिक्षक नेमून ते साधत नाही, हेही तितकेच खरे.

८

यावर एक आक्षेप संभवतो. संस्थांना आणि शासनाला होय किंवा नाही असे उत्तर हवे असते. नेमणूक करायची तर कोठेतरी रेषा आखावीच लागते, आणि बाधकाच्या चर्चेने रेषा आखता येत नाही. हा आक्षेप रास्त आहे. अठरा ही संख्या सतरा किंवा एकोणीस का नाही, असे विचारण्यात अर्थ नाही. कोणतीही रेषा काही अंशी ऐच्छिकच असते. अन्याय रेषा आखण्यात होत नाही. कारभाराच्या सोयीसाठी आखलेल्या रेषेला ज्ञानाची सीमा मानले जाते, अलीकडचा रसिक आणि पलीकडचा अडाणी असे समजले जाते, तेव्हा तो होतो. प्रमाणपत्रधारकाला स्वतःविषयी तसे वाटू लागणे हा त्याच अन्यायाचा दुसरा भाग, कारण उद्या तोच दुसऱ्यांच्या वाचनाला गुण देणार असतो.

तेव्हा साहित्य आणि लेखन यांतील प्रमाणपत्राने खरे बोलायचे ठरविले तर त्याला व्यक्तीच्या अंतरंगाविषयी बोलता येणार नाही. घडून गेलेल्या एका व्यवहाराविषयी बोलता येईल. या व्यक्तीने अमुक काळ अमुक कृती वाचल्या, आपले वाचन लिहून इतरांसमोर ठेवले, त्यावर आलेल्या हरकतींना उत्तर दिले आणि जेथे उत्तर नव्हते तेथे आपले मत बदलले. एवढे सांगण्यासाठी त्या संस्थेत हे प्रत्यक्ष घडलेले असले पाहिजे. म्हणजे विद्यार्थ्याचे लेखन कोणीतरी खरोखर वाचलेले असले पाहिजे, आणि वाचणाऱ्याला तेवढी सवड आणि वेतन मिळालेले असले पाहिजे. प्रमाणपत्राची सत्यता अशा रीतीने ते मिळविणाऱ्याच्या आधी ते देणाऱ्यावर अवलंबून राहते. ज्या विद्यापीठात निबंध न वाचता गुण दिले जातात, त्याने दिलेला कागद उमेदवार कितीही गुणी असला तरी खोटाच असतो. आणि या खोटेपणाची किंमत शेवटी तो उमेदवार ज्यांना शिकवील त्या मुलांना मोजावी लागते. आपल्या चुकांतला तर्क कोणी वाचला नाही, एवढेच त्यांना कळत नाही. त्या नुसत्या चुका होत्या अशी त्यांची खात्री पटते.